वगळलेल्या ओळींतील गृहिणी

नीतिसूत्रांच्या पुस्तकाचा शेवट एका गृहिणीच्या स्तोत्राने होतो. एकतिसाव्या अध्यायाच्या दहाव्या वचनापासून एकतिसाव्या वचनापर्यंत ही २२ वचनांची कविता आहे. हिब्रू वर्णमालेतही २२ च अक्षरे असून प्रत्येक वचनाचा आरंभ क्रमाने येणाऱ्या अक्षराने झालेला आहे. म्हणजे आपल्याकडे एखाद्या कवीने 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंतच्या अक्षरांवर एकेक ओळ बांधावी आणि त्या बांधणीतून, या घरधनिणीविषयी सांगण्यासारखे जेवढे आहे तेवढे सगळे आम्ही सांगितले, काही म्हणता काही उरले नाही, असे सुचवावे, तशी ही रचना आहे. अशा कवितेतील एक जरी ओळ गाळली तरी तिचा मणी निखळतो, हे ओघानेच आले.

आता आपल्या कानांवर ती कशी पडते ते पाहू. उपासनेच्या 'अ' वर्षात, सामान्यकाळाच्या ३३ व्या रविवारी, पहिले वाचन म्हणून ही कविता आपण ऐकतो. विवाहविधीच्या पर्यायी वाचनांतही ती आहे. दोन्ही ठिकाणी वचने तीच: १० ते १३, १९ व २०, ३० व ३१. एकूण ८. उरलेली १४ वाचली जात नाहीत. रविवारच्या वाचनांना वेळेची मर्यादा असते आणि लांब उताऱ्यांना कात्री लागते हे प्रत्येक धर्मगुरू जाणतो. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु संक्षेप करणे हीदेखील एक प्रकारची समीक्षाच असते. काय ठेवले आणि काय सोडले यावरून संक्षेप करणाऱ्याला त्या कवितेत काय दिसले हे कळते. गेली पन्नासहून अधिक वर्षे आपण याच आठ वचनांवरून गृहिणीचे चित्र रंगवत आलो आहोत, आणि आपल्या प्रवचनांतील, लग्नाच्या भाषणांतील, किंबहुना आपल्या नियतकालिकांतील कवितांमधील आईही त्याच चित्रावरून काढलेली आहे. म्हणून गाळलेल्या ओळींकडे एकदा निवांतपणे पाहावे असे वाटते.

ठेवलेल्या ओळींत काय आहे? तिचे मोल रत्नांहून अधिक आहे, पतीचा तिच्यावर भरवसा आहे, ती त्याचे भलेच करते, लोकर आणि ताग मिळवून हौसेने काम करते, टकळी हाती धरते, गरिबाला हात देते, परमेश्वराचे भय बाळगते आणि म्हणून स्तुतीस पात्र ठरते. सुंदर चित्र आहे. पण सुज्ञ वाचकाच्या एक गोष्ट चटकन लक्षात येईल. या घरात कोणी जेवत नाही. गृहिणीच्या या वर्णनात अन्न नाही, धान्य नाही, चूल नाही. कारण अन्नाची वचने चौदावे आणि पंधरावे, आणि नेमकी तीच गाळलेली आहेत. चौदाव्यात ती व्यापाऱ्यांच्या गलबतांसारखी आहे, लांबून अन्न आणते. पंधराव्यात ती रात्र असतानाच उठते, घरच्यांना अन्न देते आणि दासींना त्यांचा त्यांचा वाटा नेमून देते. सोळाव्यात ती एक शेत हेरते आणि विकत घेते. आपल्या हातच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. अठराव्यात आपल्या मालाला बरकत आहे हे ती पारखते, आणि रात्री तिचा दिवा विझत नाही. चोविसाव्यात ती तागाची वस्त्रे करून विकते आणि व्यापाऱ्याला कमरपट्टे पुरवते. पंचविसाव्यात ती येणाऱ्या दिवसांकडे पाहून हसते.

थोडक्यात, हिशोब, बाजार, जमीन, मजुरी, साठवण आणि हसणे एवढे सगळे गेले. सूत, दानधर्म आणि भक्ती राहिली.

वसईच्या पट्ट्यात ज्यांनी आपल्या आज्या पाहिल्या आहेत त्यांना हे गाळलेले चित्र अनोळखी वाटणार नाही. केळीच्या वाडीत राबून, पानवेलीची, फुलांची, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईचा बाजार गाठणारी सामवेदी किंवा वाडवळ बाई, बंदरावर लिलावात मासळी उचलून दारोदार विकणारी कोळीण, पावसाळ्याचे चार महिने निघावेत म्हणून उन्हाळ्यात सुकट, बोंबील, सोडे वाळवून डब्यांत भरणारी आणि वर्षाचा मसाला कुटून बाटल्यांत ठासणारी ईस्ट इंडियन गृहिणी, या साऱ्या चौदाव्या ते अठराव्या वचनांतल्या बायका आहेत. रात्र असताना उठणे हा त्यांच्या बाबतीत अलंकार नव्हता. गाडीची वेळ होती. कित्येकींनी पाटीच्या पैशांतून गुंठा-दोन गुंठे वाडी घेतली, आणि ती सातबाऱ्यावर नवऱ्याच्या नावाने चढली. त्यांच्या नाती आज मिस्सेत बसून आठ वचने ऐकतात तेव्हा त्यांना त्यांत आजी सापडत नाही. सापडते ती कोणीतरी शांत, घरात बसून सूत काढणारी, सदैव प्रसन्न बाई.

त्याच रविवारचे शुभवर्तमान कोणते आहे हे पाहिले म्हणजे या गाळण्यातली विसंगती अधिकच डोळ्यांत भरते. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील रुपयांच्या थैल्यांचा तो दाखला. धन्याने चाकरांना पैसा सोपवला. दोघांनी तो व्यापारात घालून दुप्पट केला, तिसऱ्याने जमिनीत पुरून ठेवला. ज्यांनी व्यापार केला त्यांची प्रभू वाहवा करतो. या दाखल्याशी जोड म्हणून वाचनयोजनेने नीतिसूत्रांतील गृहिणी निवडली, ही निवड खरोखर मार्मिक होती. पण निवडताना तिचा व्यापार तेवढा काढून टाकला! पुरुष चाकर व्यापार करून धन्याच्या आनंदात सहभागी होतात, आणि जिच्या व्यापाराचे चार-पाच वचनांत वर्णन आहे तिच्या हाती फक्त टकळी उरते. दोन वाचनांतला जो पूल होता तोच पाडला गेला.

त्यात भर घालते ते त्या दिवशीचे प्रतिसाद स्तोत्र, १२८ वे. परमेश्वराला भिणाऱ्या पुरुषाच्या सुखाचे ते गीत आहे. तो आपल्या हातच्या श्रमाचे फळ खाईल, त्याची पत्नी त्याच्या घराच्या आतल्या भागात फळलेल्या द्राक्षवेलीसारखी असेल, मुले जैतुनाच्या रोपट्यांसारखी मेजाभोवती असतील. स्तोत्र गोड आहे आणि त्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र पहिल्या वाचनात सोळावे वचन राहिले असते तर ऐकणाऱ्याला एक मजेदार फरक कळला असता: स्तोत्रातली पत्नी ही स्वतःच द्राक्षवेल आहे, नीतिसूत्रांतली पत्नी द्राक्षमळा लावणारी आहे. वेल दुसरा कोणीतरी लावतो. मळा लावणारीला जमीन, रोपे, पाणी, मजूर आणि पैसा यांचा विचार करावा लागतो. बायबलने दोन्ही प्रतिमा शेजारी शेजारी जपून ठेवल्या आहेत. आपण एकच ऐकतो.

कवितेच्या भाषेकडे वळल्यावर तर वाचक चकितच होतो. ज्या विशेषणाने ही स्त्री ओळखली जाते ते मराठीत 'सद्गुणी' असे आले आहे. मूळ हिब्रू शब्द आहे 'हयिल'. त्याचा अर्थ बळ, पराक्रम, सामर्थ्य, संपत्ती. सैन्यालाही तोच शब्द आणि रणशूरालाही तोच. सत्तरींच्या ग्रीक भाषांतराने 'पुरुषार्थी स्त्री' अशा अर्थाचा शब्द वापरला, संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतराने 'मुलियेरेम फोर्तेम', म्हणजे बलवती स्त्री. 'सद्गुणी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नम्रता, सोशिकता, मर्यादा उभी राहते. त्या मूळ शब्दात यांपैकी काहीही नाही. बरे, हा एकच शब्द नाही. अकराव्या वचनात पतीला कसली उणीव भासणार नाही असे म्हटले आहे? मूळ शब्द लुटीचा आहे, लढाई जिंकून आणलेल्या लुटीचा. आणि पंधराव्यात ती रात्री उठून घरच्यांना जे देते त्यासाठी कवीने साधा भाकरीचा शब्द वापरलेला नाही. 'तेरेफ' वापरला आहे, सिंह आपल्या पिल्लांसाठी जी शिकार आणतो तिला हा शब्द लावतात. सतराव्यात ती योद्ध्यासारखी कंबर कसते. कवी गृहिणीची स्तुती करताना पाकशास्त्राची भाषा वापरत नाही. तो रणगीताची भाषा घेतो आणि ती चुलीपाशी आणतो. घरात रोज सर्वांच्या ताटात काहीतरी पडणे ही लढाई आहे, ती रोज पहाटे नव्याने जिंकावी लागते, आणि जिंकणारी कोण हे मला ठाऊक आहे, असे त्याला म्हणायचे आहे. संसाराला 'ओढाताण' हा आपला शब्दही त्याच जातीचा आहे.

चर्चच्या आचार्यांनी या कवितेचा अर्थ वेगळ्या वाटेने केला. संत ऑगस्टीन यांनी एका प्रवचनात या स्त्रीच्या ठायी ख्रिस्तसभा पाहिली. पुढे संत बीड यांनी तोच अर्थ वचनावार विस्ताराने मांडला. सेमिनरीत आम्हांला हे अर्थ शिकवले गेले आणि त्यांचे आध्यात्मिक मोल मी कमी लेखत नाही. पण रूपकाचा एक धोका असतो. लोकर म्हणजे हे, ताग म्हणजे ते, दिवा म्हणजे आशा असे सांगता सांगता घरातली बाई कधी अदृश्य झाली हे सांगणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. दिवा म्हणजे आशा खरीच, पण त्या दिव्यात आधी तेल घालावे लागते.

आठ वचने निवडणाऱ्यांना एका गोष्टीचे श्रेय मात्र द्यायला हवे. एकोणीस आणि वीस ही जोडी त्यांनी फोडली नाही. या दोन वचनांत हातासाठी दोन हिब्रू शब्द आहेत, एक हाताचा आणि एक तळव्याचा. एकोणिसाव्यात हात चातीकडे जातो आणि तळवा टकळी धरतो. विसाव्यात तळवा गरिबासाठी उघडतो आणि हात दीनाकडे जातो. हात, तळवा, तळवा, हात अशी ती उलटसुलट गुंफण आहे. काटकसर आणि औदार्य हे एकमेकांचे वैरी आहेत असे आपण समजतो. कवी सांगतो की जो तळवा सुताचा धागा घट्ट धरतो तोच उघडतो. धरलेलेच नसेल तर उघडून द्यायचे काय? संपूर्ण कवितेतला हा माझ्या मते सर्वांत सुबक बांधणीचा भाग आहे, आणि अनुवादात ही गुंफण सहसा टिकत नाही.

आता कवितेतील दोषांविषयी. भक्तिभावाने वाचायची म्हणून ती निर्दोष आहे असे मानण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट, हे श्रीमंताचे घर आहे. अध्यायाच्या आरंभीच सांगितले आहे की ही लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेली शिकवण आहे. घरात दासी आहेत, अंगावर जांभळी वस्त्रे आहेत, पती वेशीत वडीलधाऱ्यांमध्ये बसतो. राजमातेने सून कशी हवी याची यादी केली तर ती अशी होणारच. अपेक्षांची कमतरता सासूकडे कधीच नसते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ही स्त्री रात्र असताना उठते आणि रात्री तिचा दिवा विझत नाही. मग ती झोपते केव्हा? कवी सांगत नाही. ती सर्वांना अन्न देते. ती स्वतः केव्हा जेवते? २२ वचनांत तिच्या खाण्याचा उल्लेख एकदाच येतो, सत्ताविसाव्यात, आणि तोही नकारार्थी: ती आळसाची भाकर खात नाही. झाले. बलवती म्हणून जिची एवढी स्तुती झाली तिच्या ताटात काय पडले हे कवीला दिसले नाही, किंवा विचारावेसे वाटले नाही.

मात्र शेवटच्या वचनात कवी, किंवा राजमाता, स्वतःला सावरते. तिच्या हातचे फळ तिला द्या, अशी आज्ञा तिथे आहे. हे वचन आपण मिस्सेत ऐकतो. पण सोळावे गाळल्यामुळे त्याचा अर्थ हवेत विरतो. सोळाव्यात हातच्या फळातून, म्हणजे कमाईतून, तिने मळा लावला. एकतिसाव्यात तेच 'हातचे फळ' पुन्हा येते आणि ते तिला द्या असे म्हटले जाते. एक रोकड आहे, दुसरी तिची परतफेड. मधला दुवा तुटल्यावर 'फळ' म्हणजे कौतुक, आशीर्वाद, मदर्स डेचे गुलाबाचे फूल असा सोयीचा अर्थ लावायला आपण मोकळे झालो.

याच्या शेजारी रूथचे पुस्तक ठेवून पाहावे. पवित्र शास्त्रात 'हयिल' हे बिरुद प्रत्यक्ष नाव घेऊन एकाच स्त्रीला लावले गेले आहे, आणि ती आहे रूथ. तिसऱ्या अध्यायात बवाज तिला त्याच शब्दाने गौरवतो. हिब्रू बायबलच्या पुष्कळ प्रतींत नीतिसूत्रांनंतर लगेच रूथचे पुस्तक येते, म्हणजे कविता संपली की तिचे उदाहरण सुरू होते. पण उदाहरण किती वेगळे! परदेशी, विधवा, घरात दासी नाहीत, शेत नाही. दुसऱ्याच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचणारी. तिचे दुसऱ्या अध्यायातील जेवण मला पवित्र शास्त्रातील सर्वांत हृद्य जेवणांपैकी एक वाटते. दुपारी बवाज तिला भाजलेले धान्य देतो. ती पोटभर खाते आणि काही शिल्लक ठेवते. संध्याकाळी दिवसभराचे वेचलेले झोडते, तर एफाभर जव, म्हणजे आजच्या मापाने सुमारे २२ लिटर भरतात. ते घेऊन ती घरी जाते आणि दुपारी पोट भरल्यावर उरलेले पदरातले धान्य सासूपुढे काढते. निवेदकाने दोनदा सांगितले आहे की तिचे पोट भरले होते. एकदा जेवताना, एकदा देताना. एवढ्या काटकसरीने लिहिलेल्या पुस्तकात एक गोष्ट दोनदा येते तेव्हा ती चुकून आलेली नसते. सून उपाशी राहून सासूला खाऊ घालते अशी कथा रचणे सोपे होते आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणीही आले असते. निवेदकाने तो मोह टाळला. रूथ जेवते आणि मग वाचवते.

आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयात मात्र हा मोह टाळलेला फारसा दिसत नाही. आईवरच्या ज्या कविता आणि लेख आपल्या पत्रांकडे येतात त्यांत आई मेणबत्तीसारखी जळते, चंदनासारखी झिजते, सर्वांचे झाल्यावर भांड्याला लागलेले खरवडून खाते आणि 'मला भूक नाही' असे म्हणते. लिहिणाऱ्याची कृतज्ञता खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण कवितेचे काम पाहणे हे आहे, आणि इथे पाहणे अपुरे पडते. मेणबत्ती जळताना तिला दुखत नाही. बाईच्या रक्तातले लोह कमी होते, तिला चक्कर येते, गुडघे धरतात. 'मला भूक नाही' हे वाक्य लेखकाने त्यागाचा पुरावा म्हणून टिपले, पण पातेल्यात भात किती होता आणि पंक्तीला किती जण बसले होते हा साधा भागाकार त्याने केला नाही. तो केला असता तर कविता कदाचित कमी गोड आणि अधिक खरी झाली असती.

हा भागाकार करून दाखवणारे एक पुस्तक आपल्याकडे आहे, आणि ते लिहिणारी बाई प्रॉटेस्टंट होती म्हणून आपल्या कॅथलिक घरांतील कपाटांपर्यंत ते पुरेसे पोहोचले नाही, अशी माझी समजूत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली ही स्त्री. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तिने काही वर्षांच्या ताटातुटीनंतर १९०० मध्ये. समीक्षकांनी या पुस्तकातील विनोद, सच्चेपणा, बोलीची लय यांबद्दल पुष्कळ लिहिले आहे. मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. हे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत अन्नाचे पुस्तक आहे.

माहेरी वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यापायी बाहेरचा जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही, अशा घरात ती वाढली. संसार पडला तो अशा कवीशी, ज्याच्या हातात पैसा टिकत नसे; समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. विसाव्या वचनातला उघडा तळवा टिळकांचा होता, आणि एकोणिसाव्यातला, धागा घट्ट धरणारा, लक्ष्मीबाईंचा. कवीने एकाच बाईच्या दोन हातांत दाखवलेले काम इथे दोन माणसांत वाटले गेले आणि त्याचा सगळा ताण शेगडीपाशी आला. लक्ष्मीबाई हा ताण लपवत नाहीत. नवऱ्याच्या औदार्यावर त्या चिडतात, भांडतात आणि त्याच औदार्याने घरात आलेल्या पोरक्या मुलांना जेवूही घालतात. त्यांनी स्वतःला मेणबत्ती म्हटलेले नाही. येणाऱ्या दिवसांना हसणारी ती पंचविसाव्या वचनातील बाई मराठीत कुठे भेटत असेल तर ती इथे, आणि ते हसू पैशाची चणचण ठाऊक असलेल्या माणसाचे आहे.

त्यांच्या श्रद्धेचा प्रवासही स्वयंपाकघरातूनच होतो, हे विसरून चालणार नाही. पतीकडे अहमदनगरला परतल्यावरही त्यांनी आरंभी आपली चूल वेगळी ठेवली. पुढे, जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केलेला आहे, असा निश्चय मनाशी झाला, तेव्हा त्याची पहिली खूण हीच होती की आता कोणाच्याही हातचे खाईन. बाप्तिस्मा नंतर आला. धर्मशास्त्रावर एकही शब्द न लिहिता लक्ष्मीबाईंनी दाखवून दिले की विश्वास प्रथम ताटात उतरतो. आमच्यासारख्या सेमिनरीत शिकलेल्यांना हे सांगायला प्रबंध लिहावा लागतो.

शेवटी एका कथेचा विचार करायचा आहे, आणि ती एका अर्थाने आम्हा धर्मगुरूंचीच परीक्षा पाहणारी आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातील सारफथची विधवा. 'ब' वर्षाच्या ३२ व्या रविवारी, मंदिराच्या दानपात्रात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेच्या शुभवर्तमानाबरोबर ती वाचली जाते. दुष्काळ पडलेला. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडे तेल, आणि वेशीशी दोन काटक्या गोळा करणारी एक बाई. भाकर करू, मी आणि माझा मुलगा खाऊ आणि मरू, एवढाच तिचा बेत. नीतिसूत्रांतील भरल्या घराची ही नेमकी उलटी बाजू. इथे नियोजन करायलाही काही उरलेले नाही. आणि या घटकेला एलिया संदेष्टा काय म्हणतो? आधी माझ्यासाठी एक लहान भाकर करून आण, मग तुझ्यासाठी आणि तुझ्या मुलासाठी कर.

प्रवचनांत आपण यावरून औदार्याचा पाठ देतो: तिने देवाच्या माणसाला आधी दिले, म्हणून तिचे पीठ सरले नाही. अर्थ चूक नाही. पण कथा वाचताना त्या मागणीचा जो धक्का बसतो तो पचवून टाकायची घाई आपण करू नये. पास्काच्या काळात घरे आशीर्वादित करीत फिरणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूने हे दृश्य पाहिलेले आहे: फादरांपुढे घरातले उत्तम ते येते, घरची बाई वाढत उभी राहते आणि ती केव्हा व काय जेवली हे पाहुण्याला कळतही नाही. एलियाची मागणी समर्थनीय ठरते ती एकाच कारणाने, तो स्वतःही तितकाच उपाशी आहे. अध्यायाच्या आरंभी कावळ्यांनी आणलेल्या अन्नावर आणि ओढ्याच्या पाण्यावर तो जगत होता आणि तो ओढाही आटला. सुखवस्तू माणसाने तीच मागणी केली असती तर ती कथा वेगळी झाली असती. शिवाय मागणीपूर्वी तो 'भिऊ नको' म्हणतो, आणि मागणीनंतर लगेच वचन देतो. निवेदकाने एकाही शब्दाने बाईच्या मनात काय चालले होते ते सांगितलेले नाही. ती गेली आणि तिने तसे केले, एवढेच. ही मौनाची जागा प्रवचनकाराने आपल्या शब्दांनी भरू नये.

चमत्काराचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. मडके भरून वाहत नाही, कोठारे उघडत नाहीत. पीठ फक्त सरत नाही. म्हणजे त्या बाईला रोज मडक्यात हात घालावा लागतो, रोज मूठभरच मिळते, रोज काटक्या आणाव्या लागतात, रोज भाकर थापावी लागते. काटकसरीच्या घरात शोभेल असाच हा चमत्कार आहे. तो गृहिणीचे काम रद्द करत नाही. आणि तो सर्व दुःखांवर उतारा म्हणूनही येत नाही. पुढल्याच वचनात तिचा मुलगा आजारी पडतो आणि त्याचा श्वास थांबतो, आणि तेव्हा हीच मुकी बाई संदेष्ट्याला खडे बोल सुनावते. आपल्या वाचनात कथा त्या आधीच थांबते.

पीठ सरले नाही त्यानंतर कोण जेवले, हे पंधराव्या वचनात आहे. तिथे हिब्रू संहितेत एक गमतीची गोष्ट आढळते. प्रतीत लिहिलेले आहे 'तो आणि ती आणि तिचे घराणे', परंतु परंपरेने समासात वाचनाचा वेगळा क्रम दिला आहे: 'ती आणि तो आणि तिचे घराणे'. क्रियापद मुळातच स्त्रीलिंगी एकवचनी आहे, 'तिने खाल्ले'. शास्त्री मंडळींनी लिहिलेल्या अक्षराला हात लावला नाही, तेवढे धाडस त्यांना मान्य नव्हते. पण सभेत मोठ्याने वाचताना तिचे नाव आधी घ्यावे, असे त्यांनी ठरवले, आणि शतकानुशतके ते वचन तसेच वाचले जात आहे.